विसखोपऱ्याची अटक

गुढीपाडव्याला शेजारच्या काकू दरवर्षी आठवणीने कडुनिंबाची चटणी पाठवतात. ती जिभेवर टेकवली की ती घटना आजही जशीच्या तशी माझ्यासमोर उभी राहते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे पडले, त्यातले बरेचसे मी विसरलो. पण एका वीतभर जनावराने मला चावून जो गुन्हा उघडकीला आणून दिला, तो विसरणे शक्य नाही. गावाचे नाव आणि माणसांची नावे लिहीत नाही. त्यांची नातवंडे आज सुखाने नांदत आहेत, त्यांना आजोबांच्या करणीचा ताप कशाला?

काळ निजामी राजवटीचा, चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीचा. उस्मानाबाद जिल्ह्यात, तुळजापूरच्या अंगाला बालाघाटाच्या डोंगराजवळ एका ठाण्यात मी अमीन होतो. अमीन म्हणजे आताचा फौजदार. मी मूळचा कळंबचा. आमच्या घरात दखनी, दारात मराठी आणि ठाण्यात उर्दू. तिन्ही भाषांत शिव्या येत असल्यामुळे माझे काम कुठे अडले नाही. हाताखाली एक जमादार आणि मोजके जवान होते. जमादार माझ्यापेक्षा वयाने मोठा, चोराला न घाबरणारा आणि पालीला घाबरणारा होता. हे पुढे महत्त्वाचे आहे.

डोंगरमाथ्यावर भैरोबाचे देऊळ होते. देवाचा चांदीचा मुखवटा वर्षभर पायथ्याच्या गावात असायचा आणि चैत्री जत्रेला तो वर न्यायचा. नेण्याची रीत कडक होती. मुखवटा दुरडीत ठेवून मानकरी ती डोक्यावर घेई आणि उपाशी, अनवाणी, तोंडातून शब्द न काढता एकटा डोंगर चढे. बाकीचे गाव हलगी घेऊन पायथ्याशी उभे राही. वर देवळातली घंटा वाजली की मग सगळे चढायचे. अर्ध्या वाटेत एका वळणावर विसाव्याचा दगड होता, तिथे मानकरी क्षणभर टेकत असे. तो दगड खालून दिसत नसे.

त्या वर्षी घंटा वाजलीच नाही. लोक वाट बघत राहिले. शेवटी वरून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला म्हणून धावले, तर विसाव्याच्या दगडाजवळ मानकरी तोंडाला फेस येऊन पडलेला, पायाच्या अंगठ्यावर रक्ताचे दोन ठिपके, आणि शेजारी डोंगरावर मेंढरे चारणारा एक मेंढका हातात रिकामी दुरडी घेऊन उभा. मुखवटा गायब.

मानकऱ्याने डोळे उघडले आणि एवढेच म्हणाला, विसखोपरा डसला.

आता विसखोपरा म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. डोंगराच्या कपारीत राहणारे हे जनावर पालीच्या कुळातले. ते क्वचितच दिसते, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलणारे हजार आणि पाहिलेला एखादाच. नाग डसला तर माणूस मांत्रिकापर्यंत पोहोचतो, विसखोपरा डसला तर पाणी मागायलाही उरत नाही, अशी आमच्या भागात पक्की समजूत. त्याने नुसती फुंकर मारली तरी माणूस जातो म्हणत. मीही त्याच मातीतला, मीही हेच ऐकत मोठा झालो होतो.

मानकऱ्याला उचलून मारुतीच्या पारावर आणले. विष चढले की नाही हे बघायची गावोगाव एकच परीक्षा, कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष भिनले. मानकऱ्याने मूठभर पाला शांतपणे चावला, गिळला आणि साऱ्या गावासमोर सांगितले की गोड लागतोय. बायकांनी गळा काढला. मांत्रिकाने उतारा केला आणि संध्याकाळपर्यंत मानकरी उठून बसला. विसखोपरा डसून वाचलेला माणूस पंचक्रोशीत कुणी पाहिला नव्हता. भैरोबाचीच कृपा, असे म्हणत लोक त्याच्या पाया पडू लागले. मेंढक्याला मात्र दोरीने बांधून माझ्या ठाण्यात आणून टाकले.

फिर्याद सरळ होती. मानकरी बेशुद्ध पडला, मेंढक्याने संधी साधली. पाटलांनी मला स्वच्छ सांगितले की अमावास्येपर्यंत मुखवटा मिळाला नाही, तर डोंगरावरची धनगरांची सगळी वस्ती उठवायची असे गावाने ठरवले आहे. त्यांच्या बायकांना विहिरीवर पाणी भरू देणे त्याच दिवसापासून बंद झाले होते. पिढ्यान् पिढ्या त्या डोंगरावर चारणारी माणसे, त्यांनी जायचे कुठे? शिवाय आमचे मोहतमीम साहेब, म्हणजे आताचे एसपी, लवकर चालान, म्हणजे आरोपपत्र, पाठवा म्हणून मागे लागलेले. देवाचा मामला, त्यात ठाण्याचा अमीन मुसलमान. उशीर झाला तर लोक काय बोलतील ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या काळी कबुली मिळवायचा रस्ता पट्ट्यावरून जात असे. मला तो रस्ता कधी आवडला नाही, कारण पट्ट्याखाली माणूस चोरी न करताही कबूल होतो आणि माल मात्र मिळत नाही. मी मेंढक्याची दोरी सोडली, त्याला चहा दिला आणि समोर बसवले. माणूस पन्नाशीचा, काटक, बोलायला तुटक. तो दगडाच्या वरच्या उतारावर होता, त्याला कण्हणे ऐकू आले, तो खाली आला, तर मानकरी पडलेला आणि दुरडी मातीत उपडी. देवाची दुरडी मातीत असू नये म्हणून त्याने ती उचलली आणि हाका मारल्या. एवढीच त्याची कथा. मी तीच तीच गोष्ट उलटसुलट विचारली, ती कुठे हलली नाही.

मग मी त्याला एक वाट काढून दिली. म्हटले, मानकरी ढोंग करत असेल असे तुला वाटते का? दुसरा कुणी असता तर बुडत्याने काडी धरावी तशी ती वाट धरली असती. हा गडी मान हलवून म्हणाला, “न्हाई सायेब. त्यानं मला चोर म्हणलं म्हणून म्या त्याला खोटा म्हणू व्हय? पाला गोड लागला म्हणला त्यो. म्या माझ्या कानानं ऐकलंय.”

मी कपाळाला हात लावला. स्वतःच्या गळ्यातला फास स्वतःच आवळणारा आरोपी मला पहिल्यांदाच भेटत होता. पण एक नक्की झाले. ज्याला सुटायचीही खोटी वाट नको, तो देवाचा मुखवटा चोरणार नाही.

खबर आणली ती बूबूने. बूबू म्हणजे घरोघर बांगड्या भरत फिरणारी एक वयस्क बाई. जिथे पोलीस उंबऱ्यापर्यंत जातो तिथे ती चुलीपर्यंत जाई. ती ठाण्यात आली, पान लावले आणि सावकाश दोन गोष्टी सांगितल्या. एक, आसपासच्या कुठल्याही सोनाराकडे अशी चांदी आलेली नाही, आणि सोलापूरकडच्या नाक्यावरूनही काही गेलेले नाही. दुसरी गोष्ट सांगताना तिने आवाज खाली घेतला.

“अमीनसाब, त्या मानकऱ्याच्या घरात सगळ्या बायकांनी नवा चुडा भरून घेतला. अमावास्येला मोठं जेवण हाय म्हणं. ज्या घरातून देव गेला, त्या घरात बांगड्या भरायचं कुणाला सुचतं का?”

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली ही सगळ्यात शहाणी खबर. दुःख झालेले घर आणि दुःख दाखवणारे घर यातला फरक बाईमाणसाला मनगटावरून कळतो.

मी मानकऱ्याची माहिती काढली. मानाची पाळी दोन भावक्यांत वाटलेली होती आणि ती पुढच्या वर्षापासून त्याच्या चुलतभावाकडे जाणार होती. जत्रेनंतर मानकरी लोकांना सांगू लागला होता की भैरोबा आपल्या स्वप्नात येतो. म्हणजे अमावास्येला दृष्टांत होणार, मुखवटा सापडणार आणि मान कायमचा त्याच्या घरात राहणार. सगळे जुळत होते, पण एक गाठ सुटत नव्हती. विष अंगात भिनलेला माणूस मुखवटा लपवेल कसा? आणि पाला तर साऱ्या गावासमोर गोड लागला होता. कोर्टात मी काय सांगणार होतो, की बांगड्यांवरून संशय आला?

तेव्हा माल शोधायचा, एवढेच हातात होते. मुखवटा नाक्यावरून गेला नाही, बाजारात आला नाही, म्हणजे तो डोंगरावरच असणार. मी जमादार, दोन जवान आणि गावचे पंच घेऊन विसाव्याच्या दगडापाशी गेलो. तिथला खडक फुटून कपारी पडलेल्या होत्या. मी एकेक कपार पाहत गेलो. सगळ्यांच्या तोंडावर कोळ्यांची जुनी, धुळकट जाळी होती. एकीच्या तोंडावर मात्र जाळे नव्हते. गावकरी लांबूनच म्हणाले की ती विसखोपऱ्याची कपार, तिच्याकडे पाय करूनसुद्धा कुणी बसत नाही. मनात म्हटले, मग चोराला याहून चांगली तिजोरी कुठली?

काठी घालून पाहिली, तर कपार आत वळलेली. काठी वळेना. मी बाही वर सारली.

“नक्को साब, हात नक्को डालो,” जमादार म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

भीती वाटली नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. पण वर्दीतल्या माणसाने एकदा सगळ्यांसमोर बाही वर केली की ती खाली करता येत नाही. मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांच्या टोकाला कापडासारखे काहीतरी लागले आणि त्याच क्षणी अंगठ्याला चिमटा बसला. हात बाहेर ओढला, तर अंगठ्याला एक जनावर लटकलेले. वीतभर लांब, पिवळसर अंगावर काळपट ठिपके, शेपटी मुळ्यासारखी जाड. ते माझ्याकडे बघून चक्क पापण्या मिटत होते.

पुढे जो गोंधळ झाला तो सांगून सोय नाही. पंच उतारावरून धावत सुटले. जमादाराने डोक्याचा फेटा सोडून माझा दंड असा आवळला की हात काळा पडला. एका जवानाने दगड उचलला, त्याला मी थांबवले. मरायचेच असेल तर मारणारा आरोपी जिवंत पकडलेला बरा, असा मी विचार केला. जनावर पाण्याच्या मडक्यात टाकले आणि तोंडाला कापड बांधले. दोन जवान मी कपारीपाशी पहाऱ्याला ठेवले. त्यांना ती नेमणूक मुळीच आवडली नाही. आत काय लागले ते मात्र मी कुणाला सांगितले नाही.

मला मारुतीच्या पारावर आडवे केले. अमीन मरताना पाहायला सारे गाव लोटले होते. त्याच कडुनिंबाचा पाला ओरबाडून माझ्या तोंडात कोंबला. तो इतका कडू होता की डोळ्यांत पाणी आले. अजून चढायचे आहे, असे मांत्रिक म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा पाला दिला, पुन्हा कडू. तिसऱ्यांदा दिला तेव्हा मी तो थुंकून टाकला आणि भाकरी मागितली. लोकांची थोडी निराशाच झाली असावी.

भाकरी खाताना मी अंगठा निरखून पाहिला. नागाच्या दातासारखी दोन भोके त्यावर नव्हती. बारीक टिंबांची अर्धगोल रांग होती, गुळाच्या खड्यावर लहान पोराचे दात उमटावेत तशी. आणि मानकऱ्याच्या अंगठ्यावर तर दोन स्वच्छ भोके होती. त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळे लख्ख झाले. या जनावराला विषच नव्हते. ज्याला ते खरोखर चावले त्याला पाला कडू लागला. ज्याला गोड लागला त्याला ते चावलेच नव्हते. विष चढलेला माणूस काय म्हणतो ते गावाला माहीत होते, म्हणून गावाला जे ऐकायचे होते तेच त्याने ऐकवले. कडू पाला न थुंकता, तोंड वाकडे न करता मूठभर गिळायचा, याला मात्र छाती लागते. ती दाद मी त्याला आजही देतो.

मानकरी गर्दीत पुढेच उभा होता. मी त्याला जवळ बसवून गोडीत विचारले, तुम्हाला किती वेळाने गोड लागला होता? तो म्हणाला, लगेच. जनावर कसे होते? हातभर लांब, लाल डोळ्यांचे, फूत्कार टाकणारे. मी मडक्याचे फडके सोडून आत बघायला सांगितले. तो उठून दोन हात मागे सरकला आणि म्हणाला की आपल्याला डसला तो याचा बाप असेल. लोक हसले नाहीत. त्यांचा अजून त्याच्यावरच विश्वास होता.

मी उठलो आणि सगळ्यांना वर चला म्हणालो. ठाण्यातून मेंढक्यालाही बेड्यांसकट आणवले. आरोपीला घटनास्थळी नेणे कायद्यातच बसते. कपारीसमोर पंचांना उभे केले, आत देव असणार म्हणून मी पादत्राणे काढली आणि मानकऱ्याला म्हणालो, “हात घाला.”

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“मी घातला, मला काही झाले नाही. तुम्हाला तर विष चढून उतरलंय. तुम्हाला कसली भीती?”

विसखोपरा डसल्याचे सोंग करणारा तो माणूस विसखोपऱ्याला गावाइतकाच भीत होता, आणि एक धरला म्हणून कपारीत दुसरा नसेल असे कुणालाच वाटत नव्हते. तो एकदा पंचांकडे, एकदा चुलतभावाकडे बघत राहिला आणि मग मटकन खाली बसला.

“आत मुखवटाच हाय, सायेब. म्या काठीनं आत सारलाय. काय बी शिक्षा द्या, पण हात घालाया सांगू नका.”

पुढचे सारे त्याने आपणहून सांगितले. अंगठ्याला बाभळीचा काटा टोचून घेतला होता आणि फेसासाठी तोंडात रिठा धरला होता. मान जाणार हे त्याला सहन होत नव्हते. मेंढका मध्ये येईल असे त्याने ठरवले नव्हते, पण आला म्हटल्यावर त्याला चोर म्हणणे सोयीचे पडले.

कबुली झाली, पण माल अजून आतच होता. मला हात घालता आला असता. देवाचा मुखवटा आहे, गावातल्याच कुणी काढावा असे मला वाटले, आणि मी पंचांकडे पाहिले. एकही पुढे येईना. तेव्हा मागून मेंढका म्हणाला, “बेडी काढा. म्या काढतो.”

मी त्याला सांगितले की भिऊ नकोस, आत दुसरा असला तरी त्याला विष नाही.

“तुमी पुण्यवान, तुमाला न्हाई चढलं. माझं काय सांगावं?” तो म्हणाला. “पर देव आत हाय न्हवं. आन् चोर म्हणून जगण्यापरीस बरं.”

मी स्वतः बेडी काढली. त्याने कपारीला हात जोडले, डोळे मिटले आणि हात आत घातला. मरण आत बसले आहे अशी खात्री असलेला माणूस खांद्यापर्यंत आत शिरला, आणि फडक्यात गुंडाळलेला मुखवटा घेऊन बाहेर आला. पाटलांनी डोक्याचा पटका काढून हातात धरला. माझा जमादार तर उघडपणे रडत होता. मलाही भरून आले होते, पण अमीनला ते शोभत नसे, म्हणून मी पंचनामा लिहायला बसलो.

वस्ती उठली नाही. विहीर त्याच दिवशी मोकळी झाली. मुखवटा मेंढक्याच्याच डोक्यावर देऊन माथ्यावर न्यायचा, असा निर्णय पाटलांनी तिथेच घेतला. मानकऱ्यावर रीतसर खटला झाला आणि मान चुलतभावाच्या घरी गेला.

निवृत्तीनंतर प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक भेटले, त्यांना मी ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, ही डोंगरातल्या खडकांत राहणारी पालीची दुर्मीळ जात आहे, हिला पापण्या असतात आणि विष मुळीच नसते. लोक दिसेल तिथे ठेचतात म्हणून ती आणखीच दुर्मीळ झाली आहे. मी त्यांना म्हटले, हे मला अंगठ्याने आधीच सांगितले होते.

या एका गुन्ह्याने मला पुढच्या साऱ्या नोकरीला पुरेल एवढे शिकवले. खोटे बोलणारा माणूस वेडेवाकडे बोलत नाही. आपण सगळे जे आधीच मानून बसलेलो असतो, तेच तो बोलतो. म्हणून एखादी साक्ष फार गोड लागली की मी सावध होई. आणि ज्याच्याविषयी सगळे गाव एकमुखाने वाईट बोलते, त्याला एकदा स्वतः जाऊन पाहून येई, मग तो कपारीत राहणारा असो की वस्तीवर.

मेंढक्याला सोडायचे कागद झाले तेव्हा तो ठाण्याच्या ओसरीवर थांबला. तिथे कोपऱ्यात मुद्देमाल म्हणून ठेवलेले मडके होते. त्याच्या बाजूने जाताना जवान अजूनही अंग चोरत. मी विचारले, काय राहिले?

तो म्हणाला, “सायेब, त्याला बी सोडा की. त्यानं बी काय केलं न्हाई. माझ्यावानीच धरून आणलंय त्याला.”

मी मडके उचलले आणि आम्ही दोघे डोंगर चढून विसाव्याच्या दगडापाशी गेलो. फडके सोडून मडके आडवे केले. ते जनावर बाहेर आले, त्याने एकदा पापण्यांची उघडझाप करून आमच्याकडे पाहिले आणि ते आपल्या कपारीत निघून गेले. मेंढका हात जोडून उभा राहिला आणि मग आपल्या मेंढरांकडे गेला. त्या दिवशी माझ्या ठाण्यातून दोन निर्दोष सुटले. रोजनामच्यात नोंद मात्र एकाचीच आहे.